‘उठू नका’ म्हणण्यात मित्स्वा किती?



इस्राएलमधील बसगाड्यांत पुढच्या बाकांजवळ लावलेली पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. तोरेच्या वायिक्रा ग्रंथातील एकोणिसाव्या अध्यायात जी आज्ञा आहे तिचे शब्द त्या पाटीवर असतात. पिकल्या केसांचे माणूस समोर आले की तरुणाने उठून उभे राहावे, असा तिचा आशय. आपल्या बेने इस्राएल समाजाला हे शिकण्यासाठी पाटीची गरज कधी पडली नाही. रेवदंडा असो, पेण असो, की मुंबईतील एखादी चाळ असो, वडीलधारे माणूस दारात दिसताच बाजेवर बसलेला मुलगा खाली उतरत असे. हा संस्कार आपण या देशात येताना बरोबर आणला आणि बव्हंशी टिकवलाही.

परंतु याच आदराच्या पोटी आणखी एक वाक्य आपल्या घराघरांत रुळले आहे. ‘आई, तुम्ही उठू नका, मी आणते.’ ‘बाबा, तुम्ही कशाला उठता? बसा.’ म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, ऐकणाऱ्याला बरे वाटते, आणि पाहणारे म्हणतात, काय भाग्यवान माणूस! तोरेने तरुणाला उठण्यास सांगितले हे खरे. पण वृद्धाला बसवून ठेवण्यास तिने कोठे सांगितले आहे? हा प्रश्न एरवी शब्दांचा खेळ वाटेल. परंतु ज्या घरात गुडघ्याचा सांधा बदललेले माणूस नुकतेच इस्पितळातून आले आहे, त्या घरात तो रोज सकाळी नव्याने उभा राहतो आणि त्याच्या उत्तरावर त्या माणसाची पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. आपल्या समाजात अशी घरे आता थोडी नाहीत. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम या शस्त्रक्रियेविषयी. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची कल्पना जुनी आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या शल्यचिकित्सकाने हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला, पण तो प्रयोग टिकला नाही. आज जे सांधे बसवितात त्यांचा पूर्वज १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये प्रथम वापरला गेला. तो तयार करणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत हेही होते. याच राणावतांनी २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलले. त्यानंतर भारतात आपल्या नातेवाइकांच्या घरोघरी या शस्त्रक्रियेचे नाव पोहोचले.

शस्त्रक्रियेत काय करतात? झिजलेल्या कूर्चेसह हाडांची टोके थोडीथोडी कापून मांडीच्या हाडाला मिश्रधातूची टोपी बसवितात. नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसवितात, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनचा, म्हणजे एका टणक प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. हे काम फार भरवशाचे झाले आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार, असे शंभर सांधे बसविले तर त्यांपैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकतात. या देशात १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा लागू असल्यामुळे आपल्यापैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या कुपत खोलीमचा सभासद आहे, आणि ही शस्त्रक्रिया गरिबालाही मिळू शकते. आपल्या आजोबा-आजींनी ढोपरांना तेल चोळीत आणि काठी टेकीत जी दुखणी मरेपर्यंत सोसली, ती आज काही आठवड्यांच्या त्रासावर येऊन ठेपली आहेत. देवाचे आभार मानावेत अशीच ही गोष्ट आहे.

परंतु येथेच एक गैरसमज होतो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे गुडघा बरा झाला, आता फक्त विश्रांती घ्यायची, असे आपण समजतो. डॉक्टर बसवितात ती बिजागरी. बिजागरी कितीही उत्तम असली तरी दार आपोआप उघडत नाही, त्याला ढकलणारा हात लागतो. गुडघ्याच्या बाबतीत तो हात म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहूनही कमी झालेली असते. ती ना गोळीने परत येते, ना कोंबडीच्या रश्श्याने. तो स्नायू ज्याचा आहे त्यानेच तो दिवसातून अनेकदा वापरावा लागतो.

शिवाय काळ थांबत नाही. कापलेल्या जागी आतून नवे तंतू धरतात. गुडघा हलता ठेवला तर ते सैल राहतात. न हलवला तर ते सांध्याला बांधून टाकतात. मग कधीकधी पुन्हा भूल देऊन डॉक्टरांनाच गुडघा वाकवावा लागतो. म्हणूनच हल्ली त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर हाती देऊन रोग्याला उभे करतात. सपाट जमिनीवर चालण्यासाठी गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तर भागते. जिन्यासाठी आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्यासाठी तो काटकोनात, म्हणजे नव्वद अंश किंवा त्याहून थोडा अधिक वाकावा लागतो. नेटाने व्यायाम केल्यास बहुतेकांचा गुडघा पुढे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. उकिडवे बसून विळीवर कांदा चिरण्याचे दिवस मात्र बहुधा परत येत नाहीत, आणि त्याचे फार दुःख करू नये.

गुडघा वाकणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो पूर्ण सरळ होणेही. येथे आपल्या मायेचा एक नमुना सांगतो. रोगी कळवळला की घरातील माणूस काय करते? गुडघ्याखाली मऊ उशी ठेवते. रोग्याला लगेच बरे वाटते, कारण किंचित वाकलेल्या स्थितीत गुडघा कमी दुखतो. पण तासन् तास तसाच ठेवला तर तो वाकलेलाच राहू लागतो, आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा पावलोपावली लंगडवतो. म्हणून शिकवणारे सांगतात की उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा. म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होईल; अर्थात तो तेव्हा दुखेल. उशी तीच, माया तीच. फरक वीतभर अंतराचा. ‘उठू नका’ हे वाक्यही गुडघ्याखालच्या उशीसारखे आहे असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, चार दिवस आराम केला तर काय बिघडले? याचे उत्तर मोजून दिलेले आहे. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. ही आजारी माणसे नव्हती, त्यांना कोठेही चीर दिलेली नव्हती. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे एक किलोने घटले. तरुणपणी गेलेली ताकद लवकर भरून येते. साठी-सत्तरीनंतर ती परत मिळवायची म्हणजे कर्ज फेडण्यासारखे आहे, मुद्दल थोडे आणि व्याज फार.

आता आपल्या घरांकडे पाहू. १९८८ पासून बितुआख लेउमीतर्फे गरजू वृद्धांना घरी मदतनीस मिळण्याची सोय झाली. कित्येक घरांत नेपाळची, श्रीलंकेची, फिलिपाईन्सची किंवा आपल्या केरळची मेटापेलेत असते. या बाया परक्या देशात येऊन दुसऱ्यांच्या आईबापांची सेवा करतात. त्यांचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. पण मुले कामावर जाताना तिला काय सांगून जातात? ‘आईला उठू देऊ नकोस.’ ती बिचारी हुकूम पाळते. चहा हातात, औषध हातात, चप्पल पायाशी. संध्याकाळी मुले येतात आणि आई जागची हलली नाही हे पाहून समाधान पावतात. सेवा झाली, पैसे वाया गेले नाहीत. आणि आईच्या मांडीचा स्नायू त्या दिवशी आणखी थोडा वाळला.

आमच्या माहितीत अशी दोन घरे आहेत. पहिल्या घरातल्या बाई तळमजल्यावर राहतात. दोन सुना, नातवंडे, मेटापेलेत, सर्व काही आहे. दुसऱ्या बाई विधवा, जुन्या शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. दोघींची शस्त्रक्रिया जवळजवळ एकाच वेळी झाली. वर्षाने पाहिले तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई काठी न घेता बाजारात येत होत्या, आणि तळमजल्यावरच्या बाई दारापर्यंत येण्यासही कोणाचा तरी हात धरीत. दोन माणसांवरून नियम काढू नये हे आम्ही जाणतो. सर्वांचे शरीर सारखे नसते. एकटेपणा बरा असेही आम्ही म्हणत नाही, कारण त्या विधवा बाईंनी कित्येक रात्री रडून काढल्या असतील. तरी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जिला मदत करायला कोणी नव्हते ती उभी राहिली, आणि जिला सर्व होते ती बसली. मग आपल्या मदतीत काहीतरी चुकते आहे काय?

या ठिकाणी आपल्या ज्ञानी पूर्वजांकडे वळावे. तालमूदच्या किद्दुशिन भागात आईबापांचा मान राखणे म्हणजे नेमके काय करणे, याची यादी दिली आहे. खाऊ घालणे, पाणी देणे, कपडे घालणे व पांघरूण घालणे या गोष्टी तीत आहेत, आणि त्या आपण करतोच. पण यादीच्या शेवटी घरात आणणे व बाहेर नेणे हेही आहे. बाहेर नेणे! ज्ञानी लोकांनी वृद्ध बापाला कोपऱ्यातील पूज्य मूर्ती मानले नव्हते. त्याचे बाहेर काम असेल, बाजार असेल, प्रार्थना असेल, लोकांत बसणे असेल, असे धरूनच त्यांनी मुलावर ही जबाबदारी टाकली. आपण यादीचा पहिला अर्धा भाग मनापासून पाळतो आणि शेवटचा विसरतो.

त्याच ठिकाणी एक विलक्षण विचार येतो. एक मुलगा बापाला पुष्ट पक्ष्यांचे मांस खाऊ घालतो आणि तरी शिक्षेस पात्र होतो. दुसरा बापाला जात्यावर दळायला बसवतो आणि तरी पुण्य मिळवतो. येरुशल्मी तालमूदमध्ये याचा खुलासा आहे. पहिल्याच्या बापाने, बाळ, हे तुला कोठून परवडते, असे विचारले, तेव्हा मुलाने त्याला कुत्र्याची उपमा देऊन मुकाट्याने खायला सांगितले. दुसरा मुलगा जात्यावर काम करीत असे. राजाच्या वेठीस दळणाऱ्यांना बोलावणे आले. तेव्हा त्याने बापाला विनवले की तुम्ही माझ्या जागी दळा, वेठीला मी जातो, म्हणजे अपमान आणि मार व्हायचा असेल तर तो मला होईल. ही गोष्ट गुडघ्याविषयी नाही हे उघड आहे. पण तिचे सार आपल्या प्रश्नाला लागू पडते. ताटात काय वाढले यावरून मान ठरत नाही, आणि कष्ट पडले की नाही यावरूनही ठरत नाही. समोरच्याला माणूस म्हणून पाहिले की नाही, यावर तो ठरतो.

आम्ही शिक्षकी पेशात आयुष्य घालवले. वर्गात एक प्रकारचा शिक्षक मुलांना फार आवडे. मूल अडले की तो गणित स्वतः सोडवून देई. मुले खूष, पालकही खूष. परीक्षेच्या दिवशी मात्र ते मूल कोऱ्या कागदासमोर बसे. मुलाच्या हातातील पेन्सिल काढून न घेता त्याच्या शेजारी बसून राहणे हे कठीण काम आहे. ते अडखळते, घामाघूम होते, आणि आपल्याला उत्तर माहीत असूनही आपण गप्प राहायचे. घरातील रोगी जेव्हा खुर्चीचे हात धरून उठण्याची धडपड करतो, तेव्हा त्याच्या शेजारी हात मागे धरून उभे राहणे हे त्याच जातीचे काम आहे. तेथे न धावणे हीच सेवा असते.

मात्र दुसऱ्या टोकाचीही एक चूक आहे. काही घरांत मुले इंटरनेटवर चार गोष्टी वाचून आईबापांचे हवालदार होतात. ‘अजून नव्वद झाले नाहीत? शेजारचे तर तिसऱ्या आठवड्यात जिना चढले.’ दुखते म्हटले की आळशी ठरवतात. ही जात्यावर बसवणाऱ्या मुलाची भक्ती नव्हे, कोंबडी वाढून अपमान करणाऱ्या मुलाचीच ती दुसरी तऱ्हा आहे. ज्याच्या गुडघ्यात दुखते त्याला दुखते, हे आधी मान्य केले पाहिजे. आमच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणून एवढे अधिकाराने सांगतो की पहिल्या पंधरवड्यात गुडघा वाकवताना जे होते त्याला ‘थोडे दुखेल’ हा शब्द पुरत नाही. आम्हांला शिकवणारी मुलगी रशियन बोलणाऱ्या घरातली होती. ती हिब्रूत दहापर्यंत मोजी आणि मोजताना आमच्या तोंडाकडे पाही, गुडघ्याकडे नव्हे. सातवर थांबायचे की दहापर्यंत जायचे, हे ती तेथे वाची.

उठवणे म्हणजे डोळे मिटून उठवणेही नव्हे. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, दम लागला, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा. व्यायामानंतर गुडघा फार सुजला आणि दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर प्रमाण कमी करावे. थोडे थोडे पण पुष्कळदा चालावे, मध्ये पाय उंच ठेवून बर्फ लावावा. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. या गोष्टी फिजिओथेरपिस्ट सांगतातच, पण त्या घरातील सर्वांनी ऐकाव्यात.

आता बोलू रोग्याशी, म्हणजे आमच्याच वयाच्या मंडळींशी. आपल्यापैकी पुष्कळांचे म्हणणे असते की आयुष्यभर राबलो, आता तरी बसू द्या. हे म्हणणे हलके नाही. या देशात आलेल्या आपल्या बायकांनी दिमोनाच्या कापड गिरण्यांत उभ्याने पाळ्या केल्या. पुरुषांनी कारखान्यांत आणि गोद्यांत ओझी उचलली. भारतात कारकुनी केलेल्या हातांनी येथे फावडी धरली. त्या पिढीला विश्रांतीचा हक्क आहे, आणि तो कोणी नाकारू नये. पण विश्रांती आणि बसून राहणे यांत अंतर आहे. शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी आपण अंथरुणावर पडून राहतो काय? उलट त्याच दिवशी गाडी सोडून पायी सिनेगॉगला जातो. काठीवाचून ज्याला चालताच येत नाही त्याने शब्बाथला काठी घेऊन बाहेर पडावे, अशी मुभा शुल्खान आरुखने दिली आहे. काठीचे निमित्त करून त्याने घरी बसावे असे नियमकर्त्यांना वाटले नाही. रामबाम हे स्वतः वैद्य होते. त्यांनी शरीर निरोगी राखणे हा देवाच्या मार्गाचाच भाग मानला. जो आरामात बसून राहतो आणि अंगाला हालचाल देत नाही, त्याला चांगले खाऊनही दुखणी जडतात, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. शरीर ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. नवा गुडघा ही तर दुसऱ्यांदा सोपवलेली ठेव.

या देशात त्या ठेवीची परीक्षा कधीकधी सेकंदांत होते. नंतरच्या काळात बांधलेल्या घरांत ममाद, म्हणजे सुरक्षित खोली असते. पण आपले पुष्कळ लोक जुन्या इमारतींत राहतात आणि त्यांना जिना उतरून मिकलात गाठावा लागतो. गेल्या काही वर्षांत सायरनचे आवाज आपण किती वेळा ऐकले हे सांगायला नको. ज्या आईला आपण मायेने वर्षभर उठू दिले नाही, ती त्या क्षणी उठू शकत नाही. तिला सोडून जाववत नाही म्हणून मुलगाही मागे राहतो. त्या वेळी ‘उठू नका’ या वाक्याची किंमत कळते.

आपल्या समाजाचा आवडता नबी एलियाहू. अलिबागजवळच्या खंडाळ्यास त्याचा रथ उतरला अशी आपली श्रद्धा आहे. नवस फेडायला, शुभकार्याला, आजारातून उठल्यावर आपण त्याच्या नावाने मलिदा करतो. आपल्या मनात एलियाहू म्हणजे रथात बसलेला एलियाहू. पण रथ येण्याच्या पुष्कळ आधीची एक गोष्ट राजांच्या पहिल्या ग्रंथात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. राणी इझेबेलच्या भीतीने एलियाहू पळाला आणि बेरशेबाला आला. होय, तेच बेरशेबा, जेथे आज आपली इतकी कुटुंबे नांदतात. तेथे त्याने आपल्या चाकराला ठेवले, स्वतः एक दिवसाची वाट रानात चालून गेला, आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. मग तो झोपला. देवदूताने येऊन त्याला स्पर्श केला आणि उठून खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलियाहू उठला, जेवला, आणि पुन्हा आडवा झाला!

देवदूताने तेव्हा काय केले ते पाहावे. तो रागावला नाही, सोडूनही गेला नाही. दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा स्पर्श केला, पुन्हा उठून खायला सांगितले, आणि या वेळी कारणही सांगितले की पुढची वाट मोठी आहे. मग एलियाहू उठला आणि चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब पर्वतावर पोहोचला. देवदूताला पंख असतात असे आपण मानतो. तो एलियाहूला उचलून क्षणात होरेबवर ठेवू शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने भाकर दिली, पाणी दिले, हात लावला, आणि चालण्याचे काम ज्याचे होते त्याच्याकडे ठेवले. आजाऱ्याची सेवा कशी करावी याचा याहून चांगला पाठ आम्हांला ठाऊक नाही. खाऊ घाला, जवळ राहा, आडवा झाला तर रागावू नका, पुन्हा या. पण त्याची वाट त्याच्याकडून काढून घेऊ नका.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अन्यायाचे होईल. सर्व नियम पाळून, सर्व व्यायाम करूनही दर दहांत एक-दोघांचे दुखणे राहतेच. अशा माणसाकडे पाहून, याने कष्ट केले नसतील, असे कोणी म्हणू नये. याकोब रात्रभर झुंजला, आशीर्वाद मिळवला, आणि उजाडताना लंगडत निघाला. त्याचे लंगडणे हा त्याच्या हरण्याचा पुरावा नव्हता. त्याच रात्री त्याला इस्राएल हे नाव मिळाले, जे आज आपल्या समाजाचे आणि आपल्या देशाचेही नाव आहे. जो उठला, त्याचे काम झाले. किती सरळ चालला याचा हिशेब आपण ठेवू नये.

मग आपण काय करावे? तालमूदमध्ये म्हटले आहे की आजाऱ्याला भेटायला जाणारा त्याच्या आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो. आपले लोक भेटीला जातात यात शंका नाही. डबे भरून जातात, दोन तास बसतात, आणि त्या दोन तासांत रोगीही त्यांच्याबरोबर बसतो. त्याऐवजी असे करून पाहावे. चहा झाला की म्हणावे, मावशी, चला, जिन्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. शब्बाथच्या सकाळी जवळच राहणाऱ्या एखाद्या तरुणाने दहा मिनिटे आधी निघून आजोबांच्या पावलाने सिनेगॉगपर्यंत चालावे. सिनेगॉगच्या मंडळींनी दोन-चार हात असलेल्या, जरा उंच खुर्च्या ठेवाव्यात. आणि घरात आईला काम द्यावे. ओट्याशी उभ्याने कोथिंबीर निवडणे हा व्यायामही आहे आणि घरात आपली गरज आहे याची खूणही आहे. मोजून वीस वेळा पाय उचलण्याचा कंटाळा येतो. नातवाला बालवाडीतून आणण्याचा येत नाही. पहिले तीन महिने गेले म्हणजे व्यायाम संपला असेही समजू नये. सांधा पंचवीस वर्षांचा असेल, तर चालणेही पंचवीस वर्षांचे हवे.

आजारातून उठलेल्या माणसाने दहा जणांसमोर देवाचे आभार मानावेत, बिरकत हगोमेल म्हणावी, हा आपला नियम. ती म्हणण्यासाठी माणूस उठून हिंडू-फिरू लागलेला असावा अशी अपेक्षा असते. घरी अंथरुणावर बसून, सर्व काही हातात मिळत असताना, ती म्हणायची नसते. ती म्हणण्यासाठी मिनयानपर्यंत चालत जावे लागते, आणि तेथे उभे राहावे लागते. आपल्या आईबापांना तेथवर पोहोचू देणे, शक्य तितके त्यांच्याच पायांनी पोहोचू देणे, हा त्यांचा मान आहे असे आम्हांस वाटते. आपण शेजारी चालावे, वाटेत थांबावे लागले तर थांबावे, आणि हात त्यांनी मागितला तर लगेच द्यावा.